ड्राय सम्प गाडीचं इंजिन ऑइल बदलताना: क्रम, मोजमाप आणि नेहमीच्या चुका

सकाळी थंड इंजिनाची डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घालून बघितली. टोकाला तेलाचा मागमूस नाही. पोटात गोळा आला, घाईघाईत लिटरभर ऑइल ओतलं आणि निघालो. थोड्याच अंतरावर आरशात निळसर धूर दिसायला लागला. ड्राय सम्प गाडी पहिल्यांदा हाताळणाऱ्या अनेकांची पहिली चूक हीच असते. माझीही हीच होती.

प्लग उघडणं आणि फिल्टर बदलणं हे काम कुणालाही जमतं. घोळ होतो तो दोन ठिकाणी. जुनं तेल सगळं निघालं का, हे कुणी बघत नाही. आणि नवीन तेल भलत्याच वेळी मोजलं जातं. खाली या दोन गोष्टींवर मी जास्त लिहिलं आहे, बाकीचं भराभर उरकलं आहे.

आधी एवढं पक्कं करा: तेल असतं कुठं

साध्या गाडीत तेल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये, म्हणजे सम्पमध्ये, साठतं आणि पंप ते तिथूनच ओढतो. ड्राय सम्प गाडीत हा चेंबर जवळपास रिकामा ठेवलेला असतो. त्यात पडणारं तेल स्कॅव्हेंज पंप लगेच उपसतो आणि वेगळ्या टाकीत नेऊन टाकतो. प्रेशर पंप टाकीतलं तेल घेऊन इंजिनाला देतो. त्यामुळे तेल टाकीत असतं, थोडं चेंबरात, थोडं होजमध्ये, फिल्टरमध्ये, ऑइल कूलरमध्ये. डिपस्टिक मात्र फक्त टाकीपुरतं बोलते.

गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल पंपाच्या गिअरमधल्या फटींतून हळूहळू खाली चेंबरात झिरपतं. रात्रभरात टाकी बरीच उतरू शकते. तेल कमी झालेलं नसतं, फक्त जागा बदलून बसलेलं असतं. तुम्ही वरून लिटरभर ओतता, इंजिन सुरू होतं, स्कॅव्हेंज पंप चेंबरातलं सगळं तेल परत टाकीत आणून टाकतो आणि टाकी गळ्यापर्यंत भरते. जास्तीचं तेल ब्रीदरच्या (टाकीतली वाफ-हवा बाहेर सोडणाऱ्या) होजमधून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, जातं आणि जळतं. माझा निळा धूर तोच.

तपासा: तुमच्या गाडीला खरोखर वेगळी टाकी आहे का? ‘ड्राय सम्प’ हे शब्द माहितीपत्रकात दिसले म्हणजे असेलच असं नाही. पोर्शे ९११ च्या ९९६ पिढीतल्या साध्या कॅरेराला ‘इंटिग्रेटेड ड्राय सम्प’ म्हणतात, पण तिला बाहेरची टाकी नाही. तिची पद्धत वेगळी आहे, हा लेख तिच्यासाठी नाही.

टप्पा १: मॅन्युअलमधले आकडे कागदावर उतरवा

गाडीला हात लावण्याआधी कागद घ्या आणि एवढं लिहा:

- फिल्टरसह बदलताना किती लिटर लागतं. एकूण क्षमता हा निराळा आकडा आहे. कूलर आणि होजमधलं तेल नेहमीच्या बदलात निघत नाही, त्यामुळे एकूण क्षमता नेहमी जास्त असते.
- ड्रेन प्लग किती आणि कुठं.
- प्रत्येक प्लगचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा. टाकीच्या आणि चेंबरच्या प्लगचे आकडे वेगळे असू शकतात.
- पातळी मोजायची रीत: तेल किती गरम, इंजिन चालू की बंद, बंद असेल तर किती मिनिटं थांबायचं.

आकडे स्वतःच्या गाडीच्या, त्याच वर्षाच्या मॅन्युअलमधून घ्या. दुसऱ्याने सांगितलेला आकडा चालत नाही, याचं चांगलं उदाहरण सी६ पिढीची कॉर्व्हेट झेड०६. मॉडेल तेच, एलएस७ इंजिनही तेच. पण २००६ ते २००८ च्या गाडीत सुमारे ७.६ लिटर तेल बसतं, तर २००९ पासून टाकी मोठी केल्यामुळे सुमारे ९.९ लिटर. जुन्या गाडीत नवीन आकडा ओतला तर दोन लिटरहून जास्त तेल फाजील होतं.

टप्पा २: सामान

ऑइल लागणाऱ्या आकड्यापेक्षा एक लिटर जास्त आणा. डब्यावरचा ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० एवढाच ग्रेड बघून घेऊ नका, कंपनीची मान्यताही बघा. पोर्शेच्या बऱ्याच इंजिनांना ‘ए४०’ मान्यतेचं तेल लागतं आणि ती अक्षरं डब्याच्या मागच्या बाजूला छापलेली असतात. ग्रेड तोच असूनही मान्यता नसलेली तेलं बाजारात भरपूर आहेत.

फिल्टर किती लागतात तेही आधी बघा. हवेने थंड होणाऱ्या ९९३ पिढीच्या ९११ ला दोन असतात, एक मागच्या उजव्या चाकाच्या कमानीत आणि दुसरा इंजिनाला. दुसरा वर्षानुवर्षं न बदललेल्या गाड्या सर्रास सापडतात.

प्रत्येक प्लगला नवीन वॉशर घ्या. हा वॉशर दाबला जाऊन बसतो, दुसऱ्यांदा तो तेवढा दबत नाही आणि थेंब-थेंब गळती सुरू होते. फिल्टर डब्यासारखा न येता नुसता कागदी काडतुसाचा असेल, तर त्याच्या झाकणाच्या ओ-रिंग त्याच खोक्यात आहेत का ते दुकानातच बघून घ्या.

आता ट्रे. नेहमीचा ट्रे पाच-सहा लिटरचा असतो. इथं आठ-दहा लिटर गरम तेल पहिल्या मिनिटात घळाघळा येतं. ट्रे भरत आला तरी प्लग परत लावता येत नाही, कारण धार बोटांवर येते. दोन मोठे ट्रे घ्या, टाकीसाठी एक आणि चेंबरसाठी दुसरा. दोन्हीचं तेल वेगळं मोजायचं आहे, त्यामुळे खुणा केलेल्या रिकाम्या बरण्या किंवा जुने ऑइलचे डबेही जवळ ठेवा.

बाकी टॉर्क रेंच, नरसाळं, लिंट न सोडणारं फडकं, हातमोजे, चष्मा. प्लगला षटकोनी किंवा ताऱ्याच्या आकाराची खाच असेल तर बिट एकदम फिट बसणारं हवं. झिजलेलं बिट घसरलं की खाच गोल होते आणि मग तो प्लग काढणं हेच स्वतंत्र काम होऊन बसतं.

टप्पा ३: तेल गरम करा, गाडी उचला

शीतकाचा (कूलंटचा) काटा मधोमध आला म्हणजे तेल गरम झालं असं नाही. तेल मागून येतं, बऱ्याच मागून. गाडीत तेलाच्या तापमानाचा काटा असेल तर तोच बघा. काढण्यासाठी साधारण साठ-सत्तर अंश पुरतात. मोजण्यासाठी लागणारं तापमान याहून जास्त असतं, ते पुढं येईल.

स्पोर्ट्स कार जमिनीला टेकलेली असते, जॅक आत जात नाही. आधी चाकांखाली फळ्या घालून गाडी थोडी चढवून घ्या. जॅक फक्त कंपनीने सांगितलेल्या जागी लावा. शेवटी गाडी चारही बाजूंनी समपातळीत जॅक स्टँडवर हवी. फक्त नाक उचललं की तेल मागच्या कोपऱ्यात साचून राहतं.

इशारा: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका. स्टँड लावल्यावर गाडीला खांद्याने हलवून बघा, मगच खाली झोपा.

खालचं कव्हर काढताना स्क्रू एका डब्यात टाकू नका, लांबी वेगवेगळी असते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर पुढचं सांगायला नको.

टप्पा ४: तेल काढा, आधी टाकी, मग चेंबर

सगळ्यात आधी टाकीचं भरायचं झाकण उघडा. तेल मोकळेपणाने येतं आणि झाकण उघडतंय याची खात्रीही होते. इंजिन रिकामं केल्यावर झाकण अडकलंय हे कळण्यात काही मजा नाही.

इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर बहुतेक तेल टाकीत असतं, म्हणून पहिला प्लग टाकीचा. प्लग शेवटच्या आट्यांवर आला की आत दाबून धरत फिरवा आणि एकदम बाजूला ओढा, म्हणजे हात तेलात जात नाही. धार सरळ खाली पडत नाही. सुरुवातीला ती फूटभर पुढं जाते आणि मग मागे सरकत येते. ट्रे त्या हिशेबाने ठेवा.

टाकीची धार थेंबांवर आली की चेंबरचा प्लग उघडा. बहुतेक जण टाकी रिकामी झाली म्हणून थांबतात. चेंबरात राहिलेलं काळं तेल मग नव्या तेलात मिसळतं, आणि वरून पुस्तकातला पूर्ण आकडा ओतला तर फाजीलही होतं. उलट गाडी रात्रभर उभी असेल तर टाकीतून फारसं काही येणार नाही आणि चेंबरातून भरपूर येईल. तेव्हा घाबरायचं नाही. दोन्हींची बेरीज बघायची.

चेंबरला वीस-पंचवीस मिनिटं द्या. चहाची वेळ हीच. काही चेंबरांत आतून कप्पे असतात आणि तेल एका कप्प्यातून दुसऱ्यात आरामात उतरतं.

प्लगला चुंबक असेल तर नीट बघा. बोटावर घेतल्यावर ग्रीससारखा लागणारा करडा लेप म्हणजे रोजची झीज, ती पुसून टाका. टोचणारे कण किंवा चकत्या दिसल्या तर काम तिथंच थांबवा आणि आधी फिल्टर उघडून बघा.

तपासा: दोन्ही ट्रेमधलं तेल बरण्यांत ओतून मोजा आणि कागदावर लिहा. मॅन्युअल आठ लिटर सांगतंय आणि निघालं साडेसहा, तर शक्यता तीनच: एखादा प्लग राहिला, गाडीने तेल खाल्लंय, किंवा गाडी तिरकी आहे. याचं उत्तर सापडेपर्यंत नवीन डबा उघडू नका.

टप्पा ५: फिल्टर

जुना फिल्टर निघाला की त्याचं रबरी गॅस्केट त्याच्याबरोबरच आलंय ना ते बघा. ते इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसला तर दोन गॅस्केट एकावर एक येतात. इंजिन सुरू होताच दाबाने ते बाहेर सटकतात आणि सगळं तेल जमिनीवर. बसण्याच्या जागेवर बोट फिरवून बघा, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. काळ्या धातूवर काळं रबर दिसत नाही.

नव्या गॅस्केटला नव्या तेलाचा हात लावा. फिल्टर टेकल्यावर किती फिरवायचा ते त्याच्या अंगावर छापलेलं असतं, साधारण पाऊण फेरी, आणि तीही हाताने. फिल्टरचा पाना काढण्यासाठी असतो. काडतुसाच्या फिल्टरच्या झाकणावर मात्र टॉर्क कोरलेला असतो, बऱ्याचदा २५ न्यूटन-मीटर. तिथं टॉर्क रेंचच लावा, कारण प्लॅस्टिकचं झाकण तडकायला वेळ लागत नाही.

जुना फिल्टर फेकण्याआधी कापून कागद पसरून बघायची सवय लावा. विशेषतः ट्रॅकवर चालवत असाल तर. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे. न चिकटणारे चंदेरी कण ॲल्युमिनियमचे किंवा बेअरिंगचे असू शकतात. तांब्याची झाक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेलाय असं समजा आणि गाडी जाणकाराला दाखवेपर्यंत इंजिन सुरू करू नका. बाहेरून बसवलेली ड्राय सम्प किट असेल तर स्कॅव्हेंज होजच्या तोंडाशी बारीक जाळ्या असतात. त्याही याच वेळी काढून धुवा. चेंबरातला कचरा पंपाआधी तिथंच अडकतो.

टप्पा ६: प्लग बसवा

नवा वॉशर, पुसलेले आटे, पहिल्या तीन-चार फेऱ्या हाताने. अडखळला तर मागे घेऊन पुन्हा सुरू करा. टाकी आणि चेंबर बहुधा ॲल्युमिनियमचे, प्लग पोलादाचा, मग आटे कुणाचे जाणार हे सांगायला नको. शेवटी टॉर्क रेंच, प्रत्येक प्लगचा आपला आकडा.

इशारा: प्लग घट्ट करून झाला की त्यावर मार्करने रेघ मारा. दोन प्लग, मध्ये एक फोन, आणि ‘दुसरा घट्ट केला का’ हा प्रश्न. रेघ असली की तो पडत नाही.

टप्पा ७: भरा, पण सगळं नाही

तेल टाकीच्या तोंडातून भरायचं. जेवढं निघालं त्याच्या तीन चतुर्थांशाहून थोडं जास्त ओता आणि थांबा. पुस्तकातला आकडा एका दमात रिकामा करू नका, कारण आतल्या कोनाकोपऱ्यांत किती जुनं तेल राहिलं ते दर वेळी वेगळं असतं. टाकीत कप्पे असतात, भरभर ओतलं तर तेल उलटून वर येतं.

टाकी रिकामी झाल्यामुळे प्रेशर पंपाकडे जाणाऱ्या होजमध्ये हवा शिरलेली असते. म्हणून पहिला स्टार्ट पेट्रोलशिवाय. बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवला की इंजेक्टर बंद राहतात. तुमच्या गाडीत तसं आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघा. हवेने थंड होणाऱ्या ज्या ९११ मध्ये डीएमई रिले (इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा स्विच) असतो, तिथं तो काढून हेच साधतात. फक्त स्पार्क बंद करून पेट्रोल चालू ठेवू नका. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धुऊन काढतं आणि पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन साचतं.

स्टार्टर दहा सेकंद फिरवा, मिनिटभर विसावा द्या, पुन्हा फिरवा. प्रेशरचा काटा हलला किंवा लाल दिवा विझला की, रिले काढला असेल तर तो परत लावा आणि इंजिन सुरू करा. ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. सुरू झाल्यावर दहा सेकंदांत प्रेशर दिसलं नाही तर लगेच बंद करा.

तपासा: इंजिन आयडलवर असताना टॉर्च घेऊन दोन्ही प्लग आणि फिल्टर बघा. कोरडे असतील तर इंजिन बंद करा, कव्हर लावा, गाडी खाली उतरवा.

टप्पा ८: मोजा

गाडी सपाट जागेवर हवी. डोळ्यांना सपाट दिसणारी जागा बऱ्याचदा उताराची असते, म्हणून लेव्हलची बाटली दाराच्या उंबऱ्यावर ठेवून बघा.

मग फेरी मारून तेल पूर्ण गरम करा, साधारण ८० ते ९० अंश किंवा मॅन्युअल सांगेल तेवढं. गॅरेजात उभी करून आयडलवर गरम करायला फार वेळ जातो. शिवाय ज्या गाड्यांत कूलरकडे जाणारा थर्मोस्टॅट ऐंशीच्या पुढं उघडतो, त्यांत तो उघडण्याआधीची पातळी खोटी ठरते.

गरमच का, याचा हिशेब बघा. तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. वीस अंशांवरचं दहा लिटर तेल शंभर अंशांवर जवळजवळ साडेदहा लिटर होतं. डिपस्टिकच्या खुणा गरम तेलासाठी आखलेल्या असतात. तेल थंड असताना अगदी वरच्या खुणेपर्यंत भरलं तर हा अर्धा लिटर टाकीत मावत नाही.

यापुढं गाडीगणिक रीत बदलते, आणि इथंच एका गाडीची सवय दुसऱ्या गाडीला नडते. हवेने थंड होणाऱ्या ९११ मध्ये डिपस्टिक इंजिन चालू, आयडलवर ठेवून बघतात. कॉर्व्हेट झेड०६ मध्ये गरम इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबतात आणि मग बघतात. थांबायचं कारण म्हणजे फेस. स्कॅव्हेंज पंप तेलाबरोबर भरपूर हवा ओढतो आणि टाकीत ती वेगळी व्हायला वेळ लागतो. पण म्हणून अर्धा-पाऊण तास थांबलात तर झिरपणं सुरू होतं आणि आकडा खाली यायला लागतो. घड्याळ लावा.

मी तरी एकदाच मोजून विश्वास ठेवत नाही. डिपस्टिक काढतो, पुसतो, पूर्ण आत घालतो, काढतो, आडवी धरतो आणि दोन्ही बाजू बघतो. दोन बाजू वेगळं सांगत असतील तर कमी पातळी दाखवणारी खरी, कारण जास्त दाखवणारी नळीच्या भिंतीला घासून माखलेली असते. दोन वेळा तेच आलं तर पाव लिटर ओततो, दोन मिनिटं इंजिन चालवतो, पुन्हा मोजतो. मधल्या आणि वरच्या खुणेच्या दरम्यान पातळी आली की डबा बंद. वरच्या खुणेला टेकवायचा हट्ट नको.

डिपस्टिकच नसलेल्या गाडीत स्क्रीनवरचं मोजमाप त्याच अटी मागतं. अटी पूर्ण झाल्या नसतील तर ते आकडा देत नाही, आणि लोक सेन्सर खराब झाला म्हणून तक्रार करतात.

इशारा: फाजील झालंच तर ‘जळून जाईल’ म्हणून सोडू नका. टाकीच्या तोंडातून नळी घालून मोठ्या सिरिंजने उपसा. ते जमत नसेल तर टाकीचा प्लग ढिला करून थोडं काढा, पण नवीन वॉशर हाताशी ठेवूनच. आणि उलटही होतं. कमी भरलेल्या टाकीत लांब वळणावर पंपाकडे तेल नेणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो आणि प्रेशर एकदम पडतं. वळणावर दिवा क्षणभर जरी लुकलुकला तरी वेग कमी करा, थांबा आणि नीट मोजा.

टप्पा ९: नंतरचं

सर्व्हिसची सूचना रीसेट करा. किती निघालं, किती भरलं, किती किलोमीटरवर, हे त्याच कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. पुढच्या वेळी मॅन्युअलपेक्षा हाच आकडा जास्त कामाचा, कारण तो तुमच्या गाडीचा आहे.

जुनं तेल डब्यांत भरून वापरलेलं तेल घेणाऱ्या केंद्राला द्या. त्यात शीतक किंवा पेट्रोल मिसळू नका, मिसळलेलं ते घेत नाहीत.

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरा. सकाळी त्यावर डाग असला तर कुठल्या प्लगखाली आहे तेवढं बघा. डिपस्टिक मात्र सकाळी काढू नका. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर, तेल गरम असताना, टप्पा ८ प्रमाणे एकदा मोजा आणि गरज असेल तरच पाव लिटर घाला.